चिठ्ठी नसलेली वायर

"गाडी दुरुस्त नाही झाली तरी चालेल," बाई म्हणाल्या. "ती त्या दिवशी का बंद पडली, एवढंच मला सांगा."

बत्तीस वर्षांच्या धंद्यात असं बोलणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. लोकांना कारणाशी काही देणंघेणं नसतं. गाडी चालू झाली की माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच ते किल्ली फिरवतात. मी हातातला टेस्टर खाली ठेवला आणि बाईंकडे नीट बघितलं. साठी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. टोचन करून आणलेली गाडी माझ्या दारात सोडवताना त्यांनी ड्रायव्हरला चार वेळा "सावकाश" म्हणून बजावलं होतं.

गाडी दोन सीटची, लाल, जुनी स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायचीच तयारी ठेवायची. इंजिनाचं काम पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीने करून दिलं होतं. तापून हेड वाकलं होतं, ते त्याने सरळ करून बसवलं आणि निरोप पाठवला, "पंखा आपोआप लागत नाही. हे वायरवाल्याचं दुखणं आहे, माझं नाही." तो आणि मी पंचवीस वर्षं एकमेकांच्या दारात अशीच दुखणी नेऊन सोडतो आहोत.

गाडी ओळखीची वाटली. "ही दातांच्या डॉक्टरांची ना?"

"हो. माझे मिस्टर. गेले ते. दोन महिने झाले."

डॉक्टर मला आवडायचे. माझी दाढ त्यांनीच काढली होती आणि काढताना पूर्ण वेळ कार्ब्युरेटरबद्दल बोलत होते. मला उत्तर देता येत नव्हतं याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला होता.

"मी हॉस्पिटलला नेत होते त्यांना," बाई म्हणाल्या. "ह्याच गाडीतून. वाटेत बंद पडली."

मी बॉनेट उघडलं. अशा वेळी बॉनेट उघडणं फार सोयीचं असतं.

या गाडीत रेडिएटरच्या पुढे विजेवर चालणारा पंखा असतो. गाडी पळत असली की वारा लागतो आणि पाणी थंड राहतं. गर्दीत अडकली की वारा नाही, म्हणून पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरवरचा एक छोटा स्विच पंख्याला उठवतो. तो उठला नाही तर दहा-पंधरा मिनिटांत वाफ, आणि मग खेळ खलास. त्या दिवशी पंखा उठला नव्हता. का उठला नाही, हे मला शोधायचं होतं.

मी पंख्याला थेट बॅटरीची वायर लावली. गरगर फिरला. फ्यूज शाबूत. रिलेने, म्हणजे पंख्याला वीज सोडणाऱ्या डबीने, टक् आवाज केला. रेडिएटरच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना लावल्या, तरी पंखा फिरला. इंजिन चालू करून अर्धा तास तापवलं. वेळेवर पंखा आपोआप लागला, पाणी थंड झाल्यावर आपोआप थांबला.

"हा तर व्यवस्थित फिरतोय," बाई म्हणाल्या. मी दिलेल्या स्टुलावर त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तीच तर बोंब आहे. माझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो."

"हे म्हणायचे, दवाखान्याची पायरी चढली की दात दुखायचा थांबतो." त्या किंचित हसल्या.

मी हातबत्ती घेऊन डॅशबोर्डच्या खाली शिरलो. पाठ गाडीच्या तळावर, पाय बाहेर रस्त्याकडे. या वयात हे आसन जमतं याचा मला थोडा गर्वच आहे. वर वायरींचा जुडगा होता आणि त्यात जागोजागी पांढऱ्या टेपच्या चिठ्ठ्या. अक्षर माझं.

मला सगळे चिठ्ठीमास्तर म्हणतात ते यासाठी. मी टाकलेल्या प्रत्येक वायरीला पांढरी टेप गुंडाळून ती कुठून कुठे जाते ते मी त्यावर लिहितो. उद्या मी नसेन, दुसरा कोणी तरी ही गाडी उघडेल, त्याने माझ्या नावाने शिव्या देऊ नयेत एवढीच इच्छा. फक्त तात्पुरत्या कामाला मी चिठ्ठी लावत नाही. जे काढूनच टाकायचं आहे त्याला कशाला चिठ्ठी?

त्या जुडग्यात एका निळ्या वायरीला चिठ्ठी नव्हती.

मी ती दोन बोटांत धरून माग काढत गेलो. एक टोक पंख्याच्या रिलेकडे जात होतं. दुसरं डॅशबोर्डच्या खालच्या काठाशी, गिअरच्या वर, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ. तिथे वरखाली करायचं एक लहान काळं बटण होतं, बाहेरून सहज न दिसणारं. जोडाला दोरा बांधून त्यावर टेप लावली होती. दोरा बांधायची सवय या भागात फक्त मला आहे.

मग सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर याच तक्रारीने आले होते. पंखा कधी लागतो, कधी नाही. मी तीन दिवस शोधलं. माझ्यासमोर पंखा एकदाही चुकला नाही. चौथ्या दिवशी माझी सहनशक्ती संपली. डॉक्टरांना सुट्टीत गाडी घेऊन फिरायला जायचं होतं. मी निळी वायर ओढली, बटण बसवलं आणि म्हणालो, "गर्दीत अडकलात, तापमानाचा काटा वर जायला लागला, की हे दाबा. पंखा हाताने लागेल. हे तात्पुरतं आहे, परत आलात की मूळ दोष शोधू."

"तात्पुरतं फिलिंग," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "मीही करतो. पण दुखायचं थांबलं की पेशंट परत येतो कशाला?"

"बटणावर चिठ्ठी लावू का?"

"छे. डॅशबोर्डची शोभा जाईल. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आणखी कोणाला कळायची गरज काय?"

ते परत आले नाहीत. मीही एकदा फोन करून विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही खूश होतो. न सापडलेला दोष पुन्हा दारात आला नाही, म्हणजे गेला, असं मी धरून चाललो.

मी तसाच पडून राहिलो. बाईंना कारण हवं होतं आणि कारण माझ्या दोन बोटांत होतं. लगेच बाहेर यायचं आणि सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. एकदा ठरवल्यावर मी थांबत नाही.

मी सरपटत बाहेर आलो, उठून बसलो, हात पुसले. "ताई," मी म्हणालो.

पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. रिकाम्या सीटकडे बघत बोलायला लागल्या. बहुतेक मी खाली असल्यापासूनच बोलत असाव्यात.

"मुलगा मोठी गाडी घेऊन परगावी गेला होता. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, चाळीस मिनिटं लागतील. ही दारात उभी होती. मी आयुष्यात दोनदा चालवलेली. पुलाच्या अलीकडे अडकलो आम्ही. पुढे सगळं ठप्प. ह्यांना बोलता येत नव्हतं, घाम नुसता वाहत होता. आणि हात पुढे करत होते. असा, माझ्या गुडघ्याकडे."

त्यांनी हात करून दाखवला. मला दाखवायची गरज नव्हती.

"दोनदा केला. तिसऱ्यांदा मी तो धरला. माझ्या मांडीवर ठेवला आणि घट्ट धरून बसले. चाळीस वर्षांत चारचौघांत कधी हात धरला नाही हो त्यांनी माझा. लाजायचे. त्या दिवशी आपणहून केला. मग वाफ आली, गाडी बंद पडली, लोकांनी ढकलून बाजूला घेतली. दुसरं वाहन मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. तोपर्यंत हात माझ्याच हातात होता." त्यांनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. "हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मुलगा एकदाच म्हणाला, 'आई, काटा बघायचा असतो ना.' परत म्हणाला नाही. पण म्हणाला. आणि खरंच, मी काटा बघितला नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काही सांगत होतात."

"अजून सापडलं नाही," मी म्हणालो. "उद्या या."

दुपारी जेवायला घरी गेलो. घर दुकानाच्या मागेच आहे. माझी बायको सोल्डरिंगच्या थेंबाने जळालेला माझ्या शर्टाचा खिसा शिवत होती. ताटावर बसून मी नुसतीच बोटं फिरवत राहिलो तेव्हा तिने सुई थांबवली.

"काय बिघडलंय?" तिने विचारलं. "गाडीचं नव्हे, तुमचं."

मी सगळं सांगितलं. बटण, डॉक्टर, तो हात. ऐकताना तिने एकदा डोळे मिटले.

"सांगून टाकतो उद्या," मी म्हणालो. "जे आहे ते."

"कोणासाठी?"

"म्हणजे?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून, की तुमच्या छातीवरचं उतरावं म्हणून?"

मला राग आला. तिचं बरोबर असलं की येतो. "मग त्यांनी जन्मभर काट्याचं ओझं वाहायचं का? पोरगा टोचून बोलतोय त्यांना."

"तसं कुठे म्हणते मी? काट्याचं काढा ना. चूक तुमची आहे, ती तुमच्याच नावावर ठेवा. त्या हाताला त्यात ओढू नका." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि जेवा. उपाशी राहून डॉक्टर परत येणार नाहीत."

जेवून आल्यावर मी मूळ दोषाच्या मागे लागलो. अकरा वर्षं उशीर झाला होता, पण मला तो बघायचाच होता. इंजिन तापवलं, पंखा लागला. पुन्हा तापवलं, पुन्हा लागला. मी वैतागून बॉनेट आपटून बंद केलं आणि कठड्यावर जाऊन बसलो. इंजिन चालूच होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. काटा लाल पट्टीकडे सरकला. पंखा लागला नाही.

मी धावत जाऊन बॉनेट उघडलं. दोन-तीन मिनिटांत आत हवा शिरली आणि पंखा फिरायला लागला.

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. बॉनेट उघडं होतं म्हणून दोष दिसत नव्हता. आणि बॉनेट बंद ठेवून वायरी तपासणारा वायरमन कुठे असतो? रस्त्यावर मात्र गाडी बॉनेट बंद करूनच चालते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तीन दिवसांत आली नव्हती.

पुढचं सोपं होतं. डाव्या दिव्याच्या मागे रेडिएटरच्या स्विचच्या अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली असते. तक्रार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी हौसेने गाडीला नवा लाल रंग दिला होता, आणि रंगाऱ्याने ती वायर रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम जायची, आणि आत उष्णता कोंडली की तेवढीही थांबायची. बटणाची वाट वेगळी होती, म्हणून ते चालायचं. मी स्क्रू काढला, कानशीने नाण्याएवढी जागा घासून चकचकीत पत्रा काढला, वायर परत आवळली. दहा मिनिटांचं काम. नंतर बॉनेट बंद करून तासभर गाडी तापवली. पंखा चार वेळा लागला, चार वेळा थांबला. मी कठड्यावर बसून तो आवाज ऐकत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

मग पुन्हा खाली शिरून बटण काढलं. निळी वायर रिलेपर्यंत ओढून काढली. भोकात काळं रबर बसवलं. हात फिरवला तरी कळणार नाही असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, सोबत मुलगा. पस्तिशीचा, डॉक्टरांसारखंच रुंद कपाळ. आईच्या मागे दोन पावलं उभा राहिला.

मी रात्री मनात वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरलो.

"दोष सापडला," मी म्हणालो. "अर्थिंगची वायर रंगावर बसवलेली होती. गाडी गर्दीत तापली की पंख्याची वीज तुटायची. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. मला तेव्हा सापडलं नाही. मी गाडी तशीच परत दिली."

मुलगा पुढे आला. "तशीच म्हणजे? तुम्हाला माहीत होतं पंखा लागत नाही?"

"हो."

"बाबांना सांगितलंत?"

डॉक्टर माझ्या डोळ्यांसमोर आले. डॅशबोर्डवर हात फिरवत, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, म्हणणारे.

"नाही," मी म्हणालो. "झालं म्हणून सांगितलं."

मी धंद्यात कधी खोटं बोललो नाही, असा माझा लौकिक होता. तो त्या वाक्यात गेला. डॉक्टरांना हे पटलं असतं असं मला वाटतं, पण विचारायची सोय नव्हती.

"तुमच्यामुळे माणूस गेला आमचा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "आणि बाहेर पाटी लावून बसलाय. तुम्हाला झोप कशी लागते?"

शेजारचा टायरवाला पंक्चर काढता काढता थांबून ऐकत होता. संध्याकाळपर्यंत हे सगळीकडे होणार, हे मला कळत होतं.

"पुरे," बाईंनी मुलाच्या दंडाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. "मी काटा बघितला असता तर?"

"तर गाडी थांबवावी लागली असती, ताई. थांबून थंड करायला अर्धा तास. म्हणजे आणखी उशीर. नवीन माणसाला काट्यावरून दुसरं काहीच करता आलं नसतं. तुम्ही चालवत राहिलात, त्यांच्याकडे बघत राहिलात, तेच बरोबर होतं. चूक पूर्वीच झाली होती, आणि ती माझ्या हातून झाली."

एवढं लांब बोलणं माझं कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. बाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण खांदे थोडे खाली आले, जड पिशवी जमिनीला टेकवल्यावर येतात तसे.

मुलगा खाली बघत होता. मग तो गाडीकडे गेला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आईसाठी धरून उभा राहिला.

बाई आत बसल्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मुलगा वळसा घालून शेजारी जाऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन. माझे आभार मानावेत असं मी काही केलं नव्हतं.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. पुढे मालाचा ट्रक आडवा लागला होता. मी दारातच उभा राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. मागून हॉर्न वाजायला लागले. मग त्या गोंगाटातून मला पंखा लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने थांबला. पुन्हा लागला. बाईंचा डावा हात खिडकीच्या काचेतून दिसत होता, मुलाच्या हातावर ठेवलेला. ट्रक हलला आणि गाडी वळणाआड गेली.

मी आत आलो. खिशातून ते काळं बटण काढलं, पुसलं. पांढऱ्या टेपचा तुकडा कापला आणि त्यावर लिहिलं, 'पंखा. हाताने लावणे.' अक्षर जरा वाकडं आलं. चिठ्ठी बटणाला गुंडाळली, अंगठ्याने दाबून बसवली आणि ते फळीवर, जुन्या रिलेंच्या शेजारी ठेवून दिलं.

त्यानंतर महिनाभर गिऱ्हाईक कमीच होतं. मी काही खुलासा करायला गेलो नाही. एक दिवस एक टेम्पोवाला आला. मी त्याचा इंडिकेटर बघत होतो तेवढ्यात त्याने फळीवर हात घातला.

"मास्तर, हे बटण खराब आहे का?"

"नाही. चांगलं आहे."

"मग द्या ना. मला हॉर्नला लागतंय."

"ते डॉक्टरांचं आहे."

"नेणार आहेत का ते?"

मी त्याच्या हातातून बटण काढून घेतलं आणि चिठ्ठी वर येईल असं परत फळीवर ठेवलं.